लाँग डिस्टन्स नातं आणि टुरिस्ट व्हिसा: अर्जात जोडीदाराचा उल्लेख करावा का?

सांजवारा

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय जरा खासगी आहे, पण ओळखीत विचारण्यासारखं कुणी नाही.

माझा जोडीदार जर्मनीत नोकरी करतो. लग्न झालेलं नाही, साखरपुडाही नाही, पण दोघांच्याही मनात तेच आहे. आतापर्यंत दर वेळी तोच सुट्टी काढून मला भेटायला आला. आता मला तीन आठवडे त्याच्याकडे जायचंय. तो कुठे राहतो, कामावर कसा जातो, कुणाबरोबर उठतो-बसतो हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. पुढचं सगळं ठरवायच्या आधी ते बघायलाच हवं असं मला वाटतं.

शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज भरायला घेतला आणि प्रवासाच्या उद्देशावरच अडले. एका एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, बॉयफ्रेंडचं नावच काढू नका. अविवाहित मुलगी आणि तिकडे बॉयफ्रेंड, म्हणजे ही परत येणार नाही असंच ते धरून चालतात. पर्यटन लिहा, हॉटेल बुकिंग मी काढून देतो, व्हिसा हातात आला की कॅन्सल करू."

माझी नोकरी कायमस्वरूपी आहे, बचतही बऱ्यापैकी आहे. परदेश प्रवास मात्र एकही झालेला नाही. एजंटचं ऐकावं का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

झुळूक

एजंट बरोबर बोलतोय असं मला वाटतं. माझ्या मैत्रिणीने असंच केलं होतं, काही झालं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं. आपल्या खासगी आयुष्याशी त्यांना काय करायचंय?

पैलतीर

झुळूक, तुमच्या मैत्रिणीचं निभावलं हे चांगलंच झालं, पण हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. मी या सगळ्यातून गेलेय, पर्यटक म्हणूनही आणि नंतर पत्नी म्हणूनही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

न विचारलेली गोष्ट न सांगणं वेगळं आणि विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं वेगळं. शेंगेनच्या फॉर्ममध्ये प्रवासाचा उद्देश विचारतात. त्यात पर्यटन हा एक पर्याय आहे आणि कुटुंबीय किंवा मित्रांना भेटणं हा दुसरा. पुढे निमंत्रण देणाऱ्याचं नाव-पत्ता मागतात, तसं कुणी नसेल तर हॉटेलचं नाव. तुम्ही राहणार त्याच्या घरी आणि लिहिणार हॉटेल, तर ते सरळसरळ खोटं आहे. बुकिंग खरं आहे का हे दूतावास तपासू शकतो. ते तिथे निसटलं तरी विमानतळावर इमिग्रेशनचा माणूस हमखास विचारतो, "कुठे उतरणार?" तिथे तुम्ही हॉटेलचं नाव सांगणार आणि बाहेर तो फुलं घेऊन उभा. चुकीच्या माहितीवर मिळवलेला व्हिसा सीमेवरसुद्धा रद्द करता येतो, शेंगेनच्या व्हिसा संहितेत तशी तरतूद आहे.

पण माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. आज तुम्ही भरताय तो अर्ज तुमच्या नात्याच्या सरकारी फाइलचं पहिलं पान आहे. शेंगेनचे अर्ज व्हीआयएस नावाच्या सामायिक यंत्रणेत जातात आणि ती माहिती पाच वर्षं राहते. उद्या तुम्ही लग्न केलंत आणि फॅमिली व्हिसासाठी अर्ज केलात, तर नातं खरं आहे आणि इतक्या वर्षांचं आहे हे तुम्हालाच सिद्ध करायचंय. त्या वेळी समोरच्या टेबलावर तुमचाच जुना अर्ज असेल, ज्यात तुम्ही एकट्या हॉटेलात राहायला निघालेल्या पर्यटक आहात. आधीचं खरं की आताचं खरं, या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देणार?

बाकीचे देश तर याहून कडक आहेत. अमेरिकेत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कायमची अपात्रता येऊ शकते, यूकेत दहा वर्षांपर्यंत बंदी, कॅनडात पाच वर्षं. एजंटचं यातलं काहीच जात नाही. तो फी घेऊन मोकळा होतो, सही तुमची असते.

सांजवारा

पैलतीर, हे फाइलचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मग एजंट म्हणतो ती भीती खोटी आहे का? बॉयफ्रेंड लिहिला की संशय येतोच ना?

पैलतीर

संशय येतो, ते खरं आहे. नाकारण्याचा जो छापील फॉर्म असतो त्यात एक कारण असंच आहे: मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. जोडीदार तिकडे असला की ही शंका वाढते. पण त्यावर उपाय जोडीदार लपवणं हा नाही, शंकेचं उत्तर देणं हा आहे.

बहुतेक जण इथेच गल्लत करतात. नातं किती खरं आहे हे दाखवण्यासाठी फोटोंचा ढीग लावतात आणि परत का येणार याचा एकच कागद. टुरिस्ट व्हिसा देणाऱ्याला तुमचं प्रेम किती गाढ आहे हे तपासायचं नसतं. उलट प्रेम जितकं गाढ दिसेल तितका त्याचा प्रश्न मोठा होतो. त्याला एवढंच हवं असतं की, ही बाई कुणाकडे चाललीय, तो माणूस खरा आहे का, खर्च कोण करणार आणि ठरलेल्या दिवशी ही परत कशासाठी येणार. शेवटच्या प्रश्नावर तुमची सगळी ताकद लावा.

नोकरीचं पत्र नुसतं 'ही आमच्याकडे काम करते' असं नको. कधीपासून, कोणत्या पदावर, पगार किती, रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मंजूर आणि कोणत्या दिवशी कामावर रुजू होणार, हे सगळं त्यात असू दे. सोबत पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र. घर किंवा जमीन नावावर असेल तर तो कागद. शिक्षण चालू असेल, आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर तेही लिहा. तीन आठवड्यांची रजा आणि तीन आठवड्यांचाच प्रवास, हे दोन कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. मला वाटतं, पहिल्या भेटीला तीन आठवडे अगदी योग्य आहेत. 'मिळतात तर ९० दिवस मागून बघू' असं करू नका. नोकरी करणाऱ्या माणसाला तीन महिने रजा कोण देतं, हा प्रश्न लगेच येतो.

वेळूबन

मी यूकेबद्दल लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

तिथे व्हिजिटर व्हिसासाठी बहुतेकदा इंटरव्ह्यू नसतोच. बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) द्यायचं, कागद अपलोड करायचे, निर्णय कागदांवरच. त्यामुळे तोंडी समजावून सांगू असं मनात असेल तर ती संधी मिळत नाही. जे सांगायचं ते कव्हर लेटरमध्येच, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या पत्रात. व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण सारख्या, लागोपाठच्या भेटी करून तिथेच राहिल्यासारखं चालणार नाही, हे नियमातच लिहिलंय. जोडीदाराकडे वारंवार जाणाऱ्यांना हे फार लागू पडतं. दोन भेटींमध्ये आपलं इथलं आयुष्य दिसायला हवं.

बँकेच्या खात्याचंही सांगते. अर्जाच्या आधी जोडीदाराने अचानक मोठी रक्कम पाठवली की ती स्टेटमेंटमध्ये उठून दिसते आणि पैसे खरंच तुमचे आहेत का, असा प्रश्न येतो. खर्च तो करणार असेल तर तसं स्वच्छ लिहावं आणि त्याची कागदपत्रं जोडावीत. त्याचे पैसे आपल्या खात्यात आणून आपले म्हणून दाखवण्यात काहीच शहाणपण नाही.

आणि साध्या व्हिजिटर व्हिसावर तिथे जाऊन लग्न करता येत नाही, त्यासाठी मॅरेज व्हिजिटर हा वेगळा व्हिसा आहे. कुणीतरी 'तिकडेच रजिस्टर करून टाका' असा सल्ला देतंच, म्हणून लिहिलं.

दूरदेशी

अमेरिकेचा माझा अनुभव. त्यांच्या कायद्याचं २१४(ब) कलम सगळ्यांनी ऐकलं असेलच. त्यात अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरलेलं असतं आणि तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी आपली. डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये जवळचं नातेवाईक अमेरिकेत आहे का असा प्रश्न आहे आणि त्यांच्या व्याख्येत नवरा, बायको, मुलं, भावंडं यांच्याबरोबर वाग्दत्त वर किंवा वधूसुद्धा येते. म्हणजे लग्न ठरलं असेल तर तिथे 'नाही' लिहिणं खोटंच आहे.

माझं ठरलेलं होतं. मी 'हो' लिहिलं. खिडकीपलीकडचा अधिकारी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "तिकडे कोण आहे?" मी म्हटलं, माझा होणारा नवरा. मग त्याने वर बघितलं. "लग्न कुठे करणार?" मी म्हटलं, माझ्या देशात, पुढच्या वर्षी. "मग आता का जाताय?" मी म्हटलं, त्याच्या आईवडिलांना भेटायला, दोन आठवडे, आणि परत आल्यावर माझं प्रोजेक्ट सुरू होतंय. त्याने प्रोजेक्टबद्दल आणखी दोन प्रश्न विचारले, लग्नाबद्दल एकही नाही. मी नेलेली फाइल त्याने उघडलीसुद्धा नाही. व्हिसा मिळाला.

सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण उत्तरं पाठ केलेली नव्हती, खरी होती, म्हणून जीभ अडखळली नाही.

बी-२ म्हणजे टुरिस्ट व्हिसावर जाऊन ९० दिवसांच्या आत तिथेच लग्न करून राहिलं तर अर्जाच्या वेळी खोटं बोलल्याचं मानलं जाऊ शकतं. परराष्ट्र खात्याच्या नियमावलीत २०१७ पासून तसं आहे. तिकडे जाऊन लग्न करायचं असेल तर के-१ व्हिसा हा रीतसर मार्ग आहे, फक्त तो नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदारासाठीच, ग्रीन कार्डवाल्यांच्या नाही. त्यात अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. म्हणजे आजच्या भेटीचा शिक्का उद्या कामाला येतो. पैलतीर फाइलचं म्हणतात ते अगदी खरं आहे.

निळाई

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या घरी अजून काहीच माहीत नाही. अर्जात त्याचं नाव लिहिलं तर दूतावासातून घरी फोन जातो का? ते काही विचारतील या भीतीने मी वर्षभर अर्जच केला नाहीये.

पैलतीर

निळाई, तुम्ही सज्ञान असाल तर अर्ज तुमचा एकटीचा आहे, आईवडिलांची परवानगी कुणी मागत नाही. पडताळणीचा फोन आला तर तो बहुधा ऑफिसला किंवा तुमच्या स्वतःच्या नंबरवर येतो, त्यामुळे फॉर्ममध्ये घरचा नंबर देऊ नका, स्वतःचा मोबाइल द्या. पासपोर्ट कुरिअरने घरी येण्याऐवजी स्वतः जाऊन घेण्याची सोय केंद्रावर आहे का ते आधी विचारून ठेवा. प्रवासाचा खर्च घरचे करणार असं मात्र लिहू नका. मग त्यांचं पत्र लागेल आणि त्यांनी पत्रात काय लिहायचं हा नवा पेच उभा राहील.

घरी कधी सांगायचं हा तुमचा निर्णय आहे, त्यावर मी बोलणार नाही. फक्त एका तरी विश्वासू माणसाला कुठे जाताय, कुणाकडे, पत्ता काय, परतीचं विमान कोणतं, हे सगळं लिहून द्या. व्हिसासाठी नाही, तुमच्यासाठी.

घनगर्द

मी पलीकडच्या बाजूने लिहितोय. मी युरोपात आहे, माझी जोडीदार मायदेशी. तिचा पहिला अर्ज नाकारला गेला. सगळं खरं लिहिलं होतं, मीच निमंत्रण दिलं होतं, तरीही. कारण तेच, परत जाण्याबद्दल वाजवी शंका.

त्या कागदाने आम्हा दोघांमध्ये काय केलं ते मला सांगायचंय, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. तिला वाटलं, तिच्यावर लबाडीचा शिक्का बसला. मला वाटलं, माझ्या शब्दाला किंमत नाही. आम्ही सरकारवर चिडायचं सोडून एकमेकांवर चिडत होतो. तू पत्र नीट लिहिलं नाहीस, तू पगाराच्या स्लिपा उशिरा दिल्यास, हेच चालायचं. माझी सुट्टी वाया गेली आणि ती वाया गेली हे मी तिला दहादा ऐकवलं. ज्यांचा अर्ज आत आहे त्यांना कळकळीने सांगतो: 'नाही' आलं तर काय करायचं हे अर्ज करण्याआधीच दोघांनी बोलून ठेवा. तारखा कुठल्या वाढदिवसाला बांधू नका. पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, अर्जाला नुसतं रिझर्व्हेशन चालतं.

नंतर तिने पुन्हा अर्ज केला. नातं तेच, मीही तोच. या वेळी तिने आधी नाकारलं गेल्याचं स्वतःहून लिहिलं. शेंगेनमधला नकार बाकीच्या शेंगेन देशांनाही दिसतो, तो लपवण्यात अर्थच नसतो. ऑफिसच्या पत्रात रुजू होण्याची तारीख आली, आणि तिच्या आईची देखभाल कोण करतं हे एका परिच्छेदात आलं. व्हिसा मिळाला. त्या परिच्छेदामुळे मिळाला की अधिकारी वेगळा होता म्हणून, हे मला कधीच कळणार नाही.

रानवाट

कॅनडावाल्यांसाठी: तिथे दुहेरी हेतू कायद्यानेच मान्य आहे, इमिग्रेशन कायद्याचं २२(२) कलम. म्हणजे पुढे कधीतरी कायमचं जायची इच्छा आहे म्हणून टुरिस्ट व्हिसा नाकारावा असं नाही, मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. कव्हर लेटरमध्ये या कलमाचा उल्लेख जरूर करा. आणि नकार आलाच तर अधिकाऱ्याच्या नोंदी, ज्यांना जीसीएमएस नोट्स म्हणतात, त्या मागवा. तिकडचा जोडीदार तुमचं संमतीपत्र घेऊन त्या मागवू शकतो. छापील पत्रापेक्षा त्यात खरं कारण सापडतं.

झुळूक

सगळ्यांचं वाचलं. माझं मत मी मागे घेते. फाइलचा मुद्दा पटला. एक विचारायचंय, नात्याचा पुरावा म्हणून चॅट वगैरे द्यावे लागतात का? ते मला फार विचित्र वाटतं.

वेळूबन

टुरिस्ट व्हिसाला चॅटचे गठ्ठे अजिबात देऊ नका. दोघांचे एकत्र दोन-चार साधे फोटो, खाली तारीख आणि ठिकाण. तो भेटायला आला असेल तर त्याच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या किंवा बोर्डिंग पासच्या प्रती. बस. जे वाचताना परक्या माणसासमोर आपल्याला अवघडल्यासारखं होईल ते त्या फाइलमध्ये जायची गरज नाही.

सांजवारा

तुम्हा सगळ्यांची मी खूप ऋणी आहे. एजंटला नाही म्हणून सांगितलं. काल रात्री पत्राचा मसुदा केला, इथे त्याचा मराठी गोषवारा देते. कृपया चुका दाखवा.

"मी अमुक पदावर काम करते. माझा जोडीदार आपल्या देशात राहतो. त्याला भेटण्यासाठी मला आपल्या सुंदर देशाला भेट द्यायची आहे. आम्ही एकमेकांवर मनापासून प्रेम करतो आणि अंतरामुळे आम्हाला फार त्रास होतो. मी त्याच्या घरी राहीन. सर्व खर्च तो करेल. मी वेळेत परत येईन याची मी ग्वाही देते."

पैलतीर

सांजवारा, पत्र प्रामाणिक आहे, पण अंतराचा त्रास होतो ते वाक्य काढा. ते अगदी खरं असणार, पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच येईल की मग ही परत कशाला येईल. सुंदर देश वगैरेही नको.

पहिल्या दोन ओळींत सरळ या: कोण, कुणाला भेटायला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. मग तो कोण आहे ते: पूर्ण नाव, पत्ता, काय काम करतो, कोणत्या परवान्यावर राहतो, तुमची ओळख कधीपासून, तो तुम्हाला भेटायला कधी कधी आला. तीन-चार वाक्यं पुरे. फॉर्ममध्ये वैवाहिक स्थिती 'अविवाहित'च लिहायची, नोंदणीकृत जोडीदार हा वेगळा कायदेशीर दर्जा आहे, तो तुम्हाला लागू नाही.

'सर्व खर्च तो करेल' यावर दोघं पुन्हा विचार करा. तुमची बचत पुरेशी असेल तर खर्च स्वतः करते असं लिहा, तो फक्त राहायची सोय करेल. स्वतःच्या पैशाने येणारी बाई स्वतःच्या पैशाने परत जाते, असा माझा तरी अनुभव आहे. त्यालाच खर्च करायचा असेल तर जर्मनीत त्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन, पगाराचे कागद दाखवून हमीपत्र करावं लागेल. त्या हमीपत्रात तुमचं राहणं-खाणं, आजारपण, वेळ आली तर परत पाठवण्याचा खर्चसुद्धा येतो. मोठी कायदेशीर जबाबदारी आहे, नुसतं पत्र नाही, हे त्याला सही करायच्या आधी नीट वाचू द्या.

परत येण्याची ग्वाही देऊ नका, कारणं द्या. 'अमुक तारखेला मी कामावर रुजू होणार आहे, सोबत रजा मंजुरीचं पत्र जोडलं आहे.' ग्वाही कुणीही देतं.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोच्या संरक्षणाचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा ती आजच बघा. नकार आला तर जर्मन दूतावासाकडेच फेरविचार मागायची जी जुनी सोय होती ती १ जुलै २०२५ पासून बंद झालीय. आता एक तर नव्याने अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. म्हणून पहिलाच अर्ज भरभक्कम करा.

सांजवारा

पैलतीर, खर्चाचं आम्ही बोललो, मीच करणार. दिवसांचा एक शेवटचा गोंधळ. तो म्हणतोय की व्हिसा मिळाला तर वर्षअखेरीला पुन्हा ये. ९० दिवसांचं गणित दर वेळी नव्याने सुरू होतं का?

घनगर्द

नाही. ज्या दिवशी तिथे आहात तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे, त्यात एकूण मुक्काम ९० दिवसांच्या वर जायला नको. पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरच्या नोंदी टप्प्याटप्प्याने संगणकावर घ्यायला सुरुवात झालीय, तेव्हा एक दिवसही अंदाजाने धरू नका. पण त्याआधी व्हिसाच्या स्टिकरवर बघा: एंट्री एक आहे की मल्टिपल, दिवस किती दिलेत आणि तारीख कुठपर्यंत आहे. तीन आठवडे मागितले तर बऱ्याचदा तेवढेच आणि एकाच प्रवेशाचे मिळतात. मग वर्षअखेरीला नवा अर्ज करावा लागेल, पण बोटांचे ठसे पाच वर्षांच्या आत बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत, आणि तोवर वेळेत परत आल्याचा शिक्का किंवा नोंद तुमच्या नावावर असेलच. निघताना पत्राची, विम्याची, परतीच्या तिकिटाची आणि त्याच्या पत्त्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.